बेंजोचा हिरवा डबा

गिटारवाले पायाखाली जो छोटा लोखंडी डबा ठेवतात, त्याबद्दल मला लिहायचे आहे. पण त्याआधी बेंजोबद्दल सांगावे लागेल. आमच्या संग्रामपूर तालुक्यात गिटार वाजवणारा माणूस माझ्या ओळखीचा नाही. गिटारचे डबे मात्र आहेत, आणि ते बेंजोवाल्यांच्या पायाखाली आहेत.

बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल, कातडे मढवलेला बँजो नव्हे. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. लांबट लाकडी पेटी, वर तारा आणि तारांवर दाबायच्या कळा. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता याने 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य बनवले. त्याच्या कळांची कल्पना टाइपरायटरवरून आलेली. ते वाद्य समुद्र ओलांडून इकडे आले, बुलबुलतरंग झाले, आणि आपल्या लोकांनी त्याला सरळ बेंजो म्हणायला सुरुवात केली. कव्वालीत बेंजो, वरातीत बेंजो, गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो. मुंबईच्या बेंजो पार्ट्या तर इतक्या प्रसिद्ध की २०१६ मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन त्याच नावाचा हिंदी चित्रपट काढला. मशिदीच्या गल्लीतला आणि मंदिराच्या गल्लीतला तरुण एकाच पार्टीत बसून एकच वाद्य वाजवतो, असे आमच्याकडे अजूनही दिसते. त्यात कोणाला काही विशेषही वाटत नाही.

या वाद्याचा मूळ आवाज लहान. ढोलक आणि टाळ्यांच्या गजरात तो ऐकू येणार नाही. म्हणून तारांखाली पिकअप बसवतात, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण वीज तयार होते आणि ती अँप्लिफायरला जाते. गिटारचेही तंत्र हेच. त्यामुळे गिटारसाठी बनवलेला कोणताही डबा बेंजोलाही लावता येतो. लावता येतो, पण शोभतोच असे नाही. सगळी गोष्ट इथूनच सुरू झाली.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात एक उस्ताद आहेत. वय साठीच्या पुढे. चाळीस वर्षे कव्वाली पार्टीत बेंजो वाजवतात. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला जिल्हा लोटतो, तेव्हापासून उन्हाळ्यातल्या उर्सांपर्यंत त्यांचा हंगाम. मुंबईत कामाला असलेल्या पुतण्याने त्यांना एक जुना हिरवा डबा आणून दिला होता. दोन वर्षे उस्तादांनी तो हौसेने वाजवला. मग पार्टीच्या लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली. बेंजो कानात घुसतो, लहान मुले कानावर हात ठेवतात. एका उर्सच्या आयोजकांनी स्पष्टच सांगितले, यंदा अकोल्याहून कीबोर्डवाला मुलगा बोलावतो, तुम्ही आराम करा. चाळीस वर्षांच्या माणसाला 'आराम करा' म्हणण्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला. ते डबा घेऊन माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले. त्याने आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा कोर्स केला आहे आणि आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. विद्यार्थ्याने मला बोलावले, कारण डब्याच्या नकाशावरचे इंग्रजी त्याला नीट लागत नव्हते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण माझे अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे. लहानपणी सोल्डरिंगचा वास आणि रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे हे माझे पहिले बालवाचन. त्यामुळे नकाशा माझ्यासाठी अगदीच परका नव्हता.

हे डबे जन्माला आले ते एका बिघाडातून. १९६१ साली मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचे 'डोन्ट वरी' हे गाणे गाजले. नॅशव्हिलमध्ये ते ध्वनिमुद्रित होताना ग्रेडी मार्टिनची बास गिटार यंत्राच्या ज्या भागातून जात होती, तो भाग बिघडलेला होता. सूर फाटून, घरघरत बाहेर आला. पण तो फाटलेला सूर ऐकायला मजेदार होता, म्हणून तसाच ठेवला. तिथला ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने तो बिघाड मुद्दाम घडवणारे मंडल तयार केले, आणि १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' हा डबा बाजारात आला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तो वाजला आणि जगभर मागणी सुरू झाली. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या आयबानेझ कंपनीचा 'ट्यूब स्क्रीमर' आला. तो हिरव्या रंगाचा. त्याच्या इतक्या नकला झाल्या की मोजदाद नाही. उस्तादांचा डबा त्याच घराण्यातला. आमचे नशीब एवढेच की आतले सुटे भाग पाय असलेले होते. हल्लीच्या अनेक डब्यांत तिळाएवढे भाग पाटीला चिकटवलेले असतात, ते हाताने बदलणे अवघड.

आता हा डबा करतो काय? पिकअपमधून आलेला क्षीण सूर तो आधी मोठा करतो. ४५५८ क्रमांकाची आठ पायांची आयसी हे काम करते. सूर मोठा झाला की पुढे दोन डायोड उलटसुलट जोडलेले असतात. सुराची लाट ठरावीक उंचीच्या वर गेली की डायोड वाहू लागतात आणि लाटेचे डोके दाबले जाते. डोके दाबले की सुरात नवे उपसूर तयार होतात, त्यालाच आपण खरखर किंवा 'डिस्टॉर्शन' म्हणतो. कोणता सूर किती मोठा करायचा हे ठरवतात कंडेन्सर, म्हणजे पुस्तकी भाषेत कपॅसिटर. यातले बहुतेक सुटे भाग स्वस्तातले.

असा डबा सुधारायचा म्हटले की बहुतेक लोक आधी आयसी बदलतात. जुन्या जपानी आयसीचे फार कौतुक आहे. माझा विद्यार्थीही तेच म्हणत होता. मी त्याला म्हटले, थांब. बी.एड.ला आम्हाला एक सूत्र घोकून घेतले होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. आधी ठाऊक काय आहे ते लिहू. बेंजो कानात घुसतो हे ठाऊक आहे. तेव्हा सूर नेमका कुठे चढतो ते शोधू.

नकाशात उत्तर होते. आयसीच्या एका पायाकडून जमिनीकडे जाणाऱ्या वाटेवर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता. या जोडीचा हिशेब केला की ७२० हर्ट्झ हा आकडा येतो. त्याच्या खालचे सूर जितके खाली, तितके कमी मोठे होतात. गिटारसाठी ही रचना मुद्दाम केलेली, कारण गिटारच्या जाड तारा फाटल्या की चिखल होतो. पण बेंजोला जाड तारा कुठे आहेत? उस्ताद काळी एकमध्ये वाजवतात. त्यांचा मध्य सप्तकातला सा सुमारे २७७ हर्ट्झचा. म्हणजे डबा त्यांच्या 'सा'ला पूर्ण ताकदीच्या जेमतेम एक तृतीयांश ताकद देत होता, आणि पोलादी तारेचे वरचे टोकदार उपसूर मात्र पूर्ण ताकदीने पुढे पाठवत होता. सुराचे अंग गेले, टोक राहिले.

आम्ही तो कंडेन्सर काढून ०.१ मायक्रोफॅरडचा लावला. त्याच्या अंगावर १०४ लिहिलेले असते, जुन्याच्या अंगावर ४७३. आकडा ७२० वरून ३४० हर्ट्झच्या आसपास उतरला. 'सा'ला आता सहा दशांशांहून थोडी जास्त ताकद मिळू लागली. दुसरा बदल त्याहून लहान. आयसीवर ५१ पिकोफॅरडचा एक चिमुकला कंडेन्सर असतो, तो अगदी वरचे सूर आवरतो. त्या जागी १०० पिकोफॅरडचा लावला. ड्राइव्हचे बटण पूर्ण फिरवले असता पूर्वी आवर ५,६०० हर्ट्झच्या आसपास सुरू होत होता, तो आता २,९०० ला सुरू झाला. ड्राइव्ह अगदी कमी ठेवला तर मात्र या बदलाचा कानाला काही पत्ता लागत नाही. उर्दू वर्गात मी मुलांना सांगतो, नुक्ता जीमच्या पोटात ठेवला तर 'जुदा', तोच उचलून डोक्यावर ठेवला तर 'खुदा'. शाई तेवढीच लागते. कंडेन्सरचे काहीसे तसेच आहे.

आता डायोड उरले. इथे माझा जीव गुंतला होता. अब्बांच्या पत्र्याच्या डबीत ओए७९ नावाचे काचेचे जर्मेनियम डायोड अजून आहेत. रेडिओत स्टेशनचा आवाज वेगळा काढायचे काम ते करायचे. सिलिकॉनचा डायोड, समजा १एन४१४८, साधारण ०.६ व्होल्टला वाहू लागतो. जर्मेनियमचा ०.२ ते ०.३ ला. म्हणजे जर्मेनियम सुराला लवकर आणि हळुवार दाबतो. गिटारवाले त्याच्यावर जीव टाकतात. अब्बांचा डायोड उर्सच्या मांडवात वाजावा, असे मला फार वाटत होते.

विद्यार्थ्याने एक युक्ती केली. आयसीचे सॉकेट कापून त्याची छोटी पट्टी डायोडच्या जागी बसवली. आता सोल्डरिंग न करता डायोड नुसता खोचायचा आणि काढायचा. आम्ही चार जोड्या केल्या. दोन सिलिकॉन, दोन जर्मेनियम, दोन लाल एलईडी, आणि चौथी जोडी विषम, म्हणजे एका बाजूला दोन सिलिकॉन ओळीने आणि दुसऱ्या बाजूला एकच. ही विषम तऱ्हा बॉस कंपनीच्या १९८१ च्या एसडी-१ या डब्यात आहे. त्यात लाटेचे एक डोके जास्त दाबले जाते आणि दुसरे कमी. मी चिठ्ठ्यांवर क्रमांक टाकले. कोणत्या क्रमांकाला कोणती जोडी, हे फक्त विद्यार्थ्याला माहीत. दर वेळी आवाजाची पातळी सारखी करून घेतली, कारण मोठा आवाज माणसाला नेहमीच चांगला वाटतो आणि परीक्षा तिथेच फसते.

ऐकायला उस्ताद, मी आणि गल्लीतली सहावीतली दोन मुले. मुले बोलावली ती सहज, तिथे खेळत होती म्हणून. पण त्या दिवशी खरे काम त्यांनीच केले.

उस्तादांनी प्रत्येक जोडीवर एकच मुखडा वाजवला आणि दर वेळी टोनचे बटण शेवटपर्यंत फिरवले. मुले दर वेळी तोंड वेडेवाकडे करत होती. उस्ताद म्हणत होते, अजून खुलत नाही. विद्यार्थ्याच्या मनात काहीतरी आले. त्याने मोबाइलवर एक ॲप लावले, त्यातून एकेक शुद्ध सूर वाजवता येतो. १,००० हर्ट्झ सर्वांनी ऐकला. ४,००० ला उस्ताद म्हणाले, बारीक आहे. ८,००० ला ते आमच्या तोंडाकडे बघत राहिले. मुले म्हणाली, वाजतंय की! १२,००० ला मीही गप्प झालो आणि मुले दोघेही कान चोळत होती.

दुकानात थोडा वेळ कोणी बोलले नाही. वय वाढले की ऐकणे आधी वरच्या सुरांतून कमी होते, हे सर्वांचेच होते. त्यात चाळीस वर्षे कर्ण्यांच्या समोर बसलेला माणूस. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी आवाज टिपतात, त्या मोठ्या आवाजाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. उस्तादांना जो सूर ऐकू येत नव्हता, तो ऐकू यावा म्हणून ते दोन वर्षे बटण फिरवत होते. लोकांच्या कानात तोच सूर सुईसारखा जात होता. डब्यात दोष होताच, पण तो निम्मा.

हे त्यांना सांगायचे कसे? चाचा, तुमचे कान गेले, असे म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. पण त्यांनीच मोबाइल हातात घेतला, ८,००० चा सूर पुन्हा वाजवला, कानाशी धरला आणि खाली ठेवला. मग म्हणाले, "सर, कान तो मेरे बदलने से रहे. डब्बा बदल दो. और बटन ये बच्चे फिराएँगे."

त्यानंतर परीक्षा सोपी झाली. टोनचे बटण मुलांच्या हाती, बेंजो उस्तादांच्या हाती. एलईडीची जोडी स्वच्छ वाजली, पण ढोलकीबरोबर तिचा घाव जास्त बसत होता. जर्मेनियमवर उस्ताद दोन मिनिटांत थांबले. द्रुत ताना वाजवताना सूर एकमेकांत मिसळत होते, बेंजोची टिचकी बोथट होत होती. आणखी एक अडचण मला नकाशावरून दिसत होती. डायोडचा उंबरठा तापमानाबरोबर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टने उतरतो. आमच्याकडे हिवाळ्याची पहाट दहा अंशांची आणि मे महिन्यातला मांडव पंचेचाळीस अंशांचा. पस्तीस अंशांचा फरक म्हणजे सत्तर मिलिव्होल्ट. सिलिकॉनच्या सहाशेतून सत्तर गेले तर कोणाला कळणार नाही. जर्मेनियमच्या अडीचशेतून सत्तर गेले तर डब्याचा स्वभावच बदलतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, मे महिन्यात, पत्र्याच्या स्टेजवर अब्बांचे डायोड टिकणार नव्हते. मी ते पुन्हा डबीत ठेवले.

उस्तादांनी निवडलेली चिठ्ठी विषम जोडीची निघाली. मुलांनीही तीच निवडली. उस्ताद म्हणाले, इसमें थोडी साँस है. त्या 'साँस'चा विज्ञानातला अर्थ असा की विषम दाबामुळे सम क्रमांकाचे उपसूर तयार होतात, आणि त्यातला पहिला मूळ सुराच्या बरोबर एक सप्तक वर असतो, म्हणजे सुराशी नात्यातलाच. शेवटी हौस म्हणून आयसीही बदलून पाहिली. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ४५५८ आळीपाळीने लावल्या. कोणालाही फरक सांगता आला नाही, मुलांनाही नाही. विद्यार्थी जरा खट्टू झाला.

उर्सला कीबोर्डवाला मुलगा आलाच. आयोजकांनी शब्द दिलेला होता. पण उस्तादांनाही त्यांनी बसू दिले, एका कोपऱ्यात. टोनच्या बटणावर विद्यार्थ्याने पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका काढून दिला होता, मुलांनी ठरवलेल्या जागी, आणि उस्तादांनी रात्रभर त्याला हात लावला नाही. पहिल्या दोन कव्वाल्यांनंतर कीबोर्डवाला मुलगा बेंजोच्या जागा सोडून वाजवू लागला. मध्यरात्रीनंतर मुखडे बेंजोवरच येत होते. कोणी जिंकले नाही. पुढच्या उर्सला दोघांनाही बोलावले आहे. उस्तादांचे मानधन मात्र पूर्वीपेक्षा कमी ठरले, कारण आता ते दोघांत वाटायचे. त्यांनी ते मान्य केले. कानाच्या डॉक्टरांकडे जायचेही मान्य केले आहे. अजून गेलेले नाहीत.

तुमच्याकडे असा डबा असेल आणि तो उघडायची इच्छा झाली, तर विद्यार्थ्याच्या दुकानातून चार गोष्टी घेऊन जा. काही बदलण्याआधी आतला फोटो काढा. एका वेळी एकच भाग बदला, नाहीतर चांगले झाले कशामुळे आणि बिघडले कशामुळे हे कधीच कळणार नाही. डायोडवरचा पट्टा आणि मोठ्या कंडेन्सरचे उणे टोक बघून लावा. बहुतेक डब्यांच्या नऊ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरच्या पिनेत मधला भाग उणे असतो, घरातल्या इतर अ‍ॅडॉप्टरमध्ये बहुधा उलट. दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून डबा जाळणारे विद्यार्थ्याकडे दर महिन्याला येतात. आणि सर्वांत आधी, जो भाग बदलायचा तो कोणाच्या कानासाठी, हे विचारून घ्या. चांगला कंडेन्सर आणि वाईट कंडेन्सर असे काही नसते. ०.०४७ चा कंडेन्सर गिटारवाल्याच्या डब्यात बरोबरच होता.

तो ४७३ क्रमांकाचा कंडेन्सर आम्ही फेकला नाही. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून डब्याच्या तळाला आतून चिकटवला आहे. पिशवीवर मी उर्दूत आणि मराठीत लिहिले आहे, 'गिटारसाठी'. उद्या हा डबा पुतण्याकडे परत गेला, त्याच्या हाती गिटार असली आणि त्याचे कान तरुण असले, तर दहा मिनिटांत त्याला मूळचा आवाज परत मिळेल.